आजारी कैदी, साथीचे दिवस आणि राज्याची हद्द : सुटकेचे नियम काय सांगतात

कोरोनाची पहिली लाट आली आणि जेलमधली गर्दी कमी करायचं ठरलं, तेव्हा महाराष्ट्राच्या उच्चाधिकार समितीने २५ मार्च २०२० रोजी एक निर्णय केला. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतले कैदी तात्पुरत्या जामिनावर किंवा पॅरोलवर सोडायचे, असा तो निर्णय. त्यातून दोन प्रकारचे लोक सुरुवातीलाच वगळले गेले. एक, मोक्का, यूएपीए, पीएमएलए, एनडीपीएस अशा विशेष कायद्यांखाली किंवा मोठ्या आर्थिक गुन्ह्यांत अडकलेले. दुसरे, तूर्त, परदेशी नागरिक आणि ज्यांचं राहण्याचं ठिकाण महाराष्ट्राबाहेर आहे असे कैदी.

पहिल्या अटीवर खूप चर्चा झाली, कोर्टबाजीही झाली. दुसरीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पण देगलूर, धर्माबाद, किनवट, आदिलाबाद, निजामाबाद, बिदर, औराद या पट्ट्यात तीच अट जास्त लागू पडते. इथे घर एका राज्यात, शेत दुसऱ्यात आणि सोयरीक तिसऱ्यात असते. गुन्हा नांदेड जिल्ह्यात नोंदला गेला आणि आधार कार्डावर पत्ता तेलंगणाचा असला, की तो माणूस 'बाहेरचा' ठरतो. त्या मार्चमध्ये गाड्या बंद होत्या, हद्दी सील होत्या, त्यामुळे सरकारची अडचण खोटी नव्हती. तरी त्या यादीत 'हा माणूस किती आजारी आहे' असा रकानाच नव्हता. कलम कोणतं, शिक्षा किती आणि पत्ता कुठला, एवढ्यावरच वर्गवारी झाली.

हैदराबादच्या दोन घरांनी याचा अनुभव घेतला. दोन्ही प्रकरणांत कैदी महाराष्ट्राच्या जेलमध्ये होता आणि त्याची माणसं हैदराबादला.

तळोजातला हैदराबादी कैदी

तेलुगू कवी वरवरा राव मूळचे वरंगळ जिल्ह्यातले, जन्म नोव्हेंबर १९४० चा, राहणं हैदराबादला. एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी त्यांना २८ ऑगस्ट २०१८ रोजी हैदराबादच्या घरातून ताब्यात घेतलं. आधी नजरकैद, मग नोव्हेंबरपासून येरवडा जेल, आणि तपास एनआयएकडे गेल्यावर २०२० च्या सुरुवातीला नवी मुंबईचं तळोजा जेल. गुन्हा यूएपीएखालचा, म्हणजे समितीच्या यादीतून ते आधीच बाहेर. राहण्याचं ठिकाण हैदराबाद, म्हणजे दुसऱ्या अटीनेही बाहेर.

पुढचा घटनाक्रम तारखांनिशी पाहण्यासारखा आहे. मे २०२० च्या अखेरीस ते तळोजात बेशुद्ध पडले, त्यांना जे. जे. रुग्णालयात नेलं आणि चार दिवसांत परत जेलमध्ये आणलं. जूनमध्ये विशेष एनआयए कोर्टाने तात्पुरता जामीन नाकारला. १३ जुलैला पुन्हा जे. जे., १६ जुलैला कोरोना पॉझिटिव्ह. तिथून सेंट जॉर्ज, तिथून नानावटी रुग्णालय. ऑगस्टच्या शेवटी परत तळोजा. १८ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने पुन्हा नानावटीत हलवायला सांगितलं. अखेर २२ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती एस. एस. शिंदे आणि मनीष पितळे यांच्या खंडपीठाने सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन दिला. वय, अनेक आजार आणि तळोजाच्या जेल हॉस्पिटलची अवस्था पाहता त्यांना परत तिथे पाठवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं होईल, असा त्या निकालाचा आशय होता. एनआयएने विरोध केला होता. गुन्हा गंभीर आहे आणि उपचार सरकारी खर्चाने चालू आहेत, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणजे साथ आली मार्चमध्ये, जेलमध्ये पहिल्यांदा कोसळले मे महिन्यात आणि जामीन मिळाला पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत. आपत्तीतली सुटका म्हणून ज्याकडे पाहिलं जातं, तिच्या मोजमापाने हा वेळ फार मोठा आहे.

सुटका झाली तरी घर मिळालं नाही. मुंबईच्या विशेष कोर्टाची हद्द सोडायची नाही, ही अट होती. ऐंशी ओलांडलेल्या आजारी माणसाला मुंबईत भाड्याने राहावं लागलं. हैदराबादला जाऊ द्या, मुंबईतला राहण्याचा आणि उपचाराचा खर्च झेपत नाही, अशी विनंती झाली. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती फेटाळली, कायम जामीनही नाकारला, फक्त हजर होण्याची मुदत तीन महिने वाढवली. १० ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने (तेव्हाचे न्यायमूर्ती उदय लळित यांचं खंडपीठ) वैद्यकीय कारणावरून कायम जामीन दिला, पण परवानगीशिवाय बृहन्मुंबई सोडायची नाही ही अट राहिलीच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हैदराबादला जायचं तरी कोर्टाची पायरी चढावी लागली. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने एका आठवड्याची मुभा दिली. अट बदलावी म्हणून केलेल्या अर्जात लक्ष घालायला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये नकार दिला.

खटल्यातल्या आरोपांचं काय व्हायचं ते खटल्यात होईल. इथे मुद्दा एवढाच, की आजारपणासाठी दिलेला जामीन आजारी माणसाला त्याची शुश्रूषा करणाऱ्या घरापर्यंत पोचवतोच असं नाही.

नागपूर जेल, आणि आईचं शेवटचं आजारपण

दुसरं प्रकरण प्रा. जी. एन. साईबाबा यांचं. लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर, ९० टक्के अपंगत्व. दिल्ली विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने यूएपीएखाली जन्मठेप सुनावली आणि ते नागपूर मध्यवर्ती कारागृहात गेले. हैदराबादच्या जेलमध्ये हलवा, म्हणजे घरचे देखभाल करतील, ही कुटुंबाची मागणी मान्य झाली नाही.

२०२० च्या जुलैमध्ये त्यांची आई हैदराबादला कॅन्सरने शेवटच्या टप्प्यात होती. पॅरोल नाकारला गेला. ज्या घरी जायचं तो भाग कंटेन्मेंट झोनमध्ये आहे, हे एक कारण होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २८ जुलैला तात्पुरत्या सुटकेचा अर्ज फेटाळला. १ ऑगस्टला आई गेली.

साथीच्या काळात साथ हेच सुटकेचं कारण, आणि साथ हेच नकाराचंही कारण, असं त्या वर्षी बऱ्याच अर्जांत झालं.

साईबाबा यांना उच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी निर्दोष सोडलं, दुसऱ्याच दिवशी, शनिवारी खास बसून, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नंतर प्रकरण परत उच्च न्यायालयाकडे आलं आणि ५ मार्च २०२४ रोजी पुन्हा निर्दोष मुक्तता झाली. त्याच खटल्यातला गडचिरोलीचा एक तरुण आदिवासी कैदी मात्र पहिल्या निकालाच्या दोन महिने आधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, कैदेत असताना वारला. साईबाबाही सुटकेनंतर फार जगले नाहीत. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमध्ये, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीत त्यांचं निधन झालं.

समित्या कशा बनल्या, काय करू शकल्या

सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दाखल केलेल्या प्रकरणात प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. राज्य विधी सेवा समितीचे अध्यक्ष, गृह किंवा कारागृह खात्याचे प्रधान सचिव आणि कारागृह महासंचालक, असे तिघं. कुणाला सोडायचं ते समितीने ठरवावं. गुन्ह्याचं स्वरूप, शिक्षेची वर्षं, गांभीर्य आणि 'इतर कोणतीही योग्य बाब' पाहावी, असं आदेशात होतं. आजार या 'इतर' शब्दात बसवता आला असता. पुढे एप्रिलमध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की सोडाच अशी सक्ती आम्ही केलेली नाही. दोनच दिवसांनी, २५ मार्चला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांनी जगभरच्या सरकारांना आवाहन केलं, त्यात वृद्ध आणि आजारी कैद्यांचा पहिल्यांदा उल्लेख होता. इराणने त्या महिन्यात सुमारे ८५ हजार कैदी तात्पुरते सोडल्याचं जाहीर केलं.

महाराष्ट्राला घाई करण्याचं कारण होतं. राज्यातल्या जेलमध्ये क्षमतेच्या दीडपट माणसं होती. मुंबईच्या आर्थर रोडमध्ये ८०० च्या जागी २,८०० च्या आसपास कैदी, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे सत्तरहून जास्त जणांना लागण झाल्याचं उघड झालं. मग ११ मे रोजी समितीने कक्षा वाढवली. ३५ हजारांतले सुमारे १७ हजार कैदी तात्पुरते सोडण्याचं उद्दिष्ट ठेवलं. ८ मे रोजी पॅरोलच्या नियमातही दुरुस्ती झाली होती. सात वर्षांपर्यंत शिक्षा झालेल्याला ४५ दिवसांची आकस्मिक पॅरोल. त्याहून जास्त शिक्षा असेल, तर मागच्या दोन रजांवरून तो वेळेत परत आलेला असला पाहिजे. ऐकायला सरळ वाटतं, पण ज्याला आधी कधी रजाच मिळाली नाही त्याने दोनदा वेळेवर यायचं कसं, हा प्रश्न कितीतरी अर्जांत उच्च न्यायालयापर्यंत गेला.

विशेष कायद्यांतल्या कैद्यांना वगळणं मनमानीचं आहे, असं आव्हान दिलं गेलं. उच्च न्यायालयाने आणि नंतर सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्गवारी कायम ठेवली. वगळलेल्यांनी आपापल्या कोर्टात स्वतंत्र अर्ज करावा, हा मार्ग तेवढा उघडा राहिला. वरवरा राव त्याच मार्गाने गेले, आणि मुंबईत मोठे वकील उभे असूनही त्यांना इतके महिने लागले. किनवटच्या एखाद्या शेतमजुराने हाच मार्ग धरला तर किती लागतील, याचा अंदाज करायला फार अक्कल लागत नाही.

तेलंगणाचं चित्र वेगळं होतं. तिथल्या जेलमध्ये त्या वर्षांत क्षमतेपेक्षा कमी कैदी होते, म्हणून महाराष्ट्रासारखा दबाव नव्हता. हैदराबादला कोरोनाचं मुख्य हॉस्पिटल गांधी हॉस्पिटल, कैद्यांवरही उपचार तिथेच. ऑगस्ट २०२० मध्ये तिथून चेरलापल्ली जेलचे चार कैदी पळाले. असं एकदा घडलं, की पुढच्या प्रत्येक आजारी कैद्याबरोबर जास्त पोलीस द्यावे लागतात. आणि गार्ड मिळाला नाही म्हणून हॉस्पिटलची तारीख हुकणं ही तर दोन्ही राज्यांतली रोजची तक्रार. वरंगळला आणखी वेगळं झालं. निजामाच्या काळातलं मध्यवर्ती जेलच २०२१ च्या जूनमध्ये रिकामं करून पाडलं, त्या जागी मोठं हॉस्पिटल बांधायला. तिथले कैदी दुसरी लाट ओसरत असताना हैदराबाद आणि इतर ठिकाणी हलवले गेले.

मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या लाटेत सोडलेल्यांना पुन्हा सोडायला सांगितलं. शेवटी २४ मार्च २०२३ च्या आदेशाने सगळ्यांना पंधरा दिवसांत परत हजर व्हायला सांगण्यात आलं.

ही नवी गोष्ट नाही

आजारपणावरून सरकारने कैदी सोडल्याची उदाहरणं जुनी आहेत. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून गांधीजींना ६ मे १९४४ रोजी सोडलं ते प्रकृती ढासळल्यामुळे. आणीबाणीत जयप्रकाश नारायण यांना किडनीच्या आजारामुळे १२ नोव्हेंबर १९७५ रोजी पॅरोल मिळाली आणि ते उपचाराला मुंबईच्या जसलोकमध्ये आले. बेंगळुरूच्या जेलमधल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी दम्याच्या रुग्ण. त्यांना जानेवारी १९७७ मध्ये सोडलं आणि पाचच दिवसांत त्या गेल्या. कैदी आपल्या ताब्यात मरू नये ही सरकारची काळजी यात किती आणि त्याच्या जिवाची किती, हे प्रत्येक वेळी वेगळं असतं.

आज कायद्यात काय आहे

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कच्च्या कैद्यासाठी तिचं कलम ४८० महत्त्वाचं. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यातही आरोपी स्त्री, मूल, आजारी किंवा अशक्त असेल तर जामीन देता येतो. पूर्वी हेच ४३७ मध्ये होतं. सत्र आणि उच्च न्यायालयाचा अधिकार ४८३ मध्ये. कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ जेलमध्ये काढला असेल तर त्याच्या सुटकेचा विचार होतो. जन्मठेप-फाशीचे गुन्हे त्यात येत नाहीत.

विशेष कायद्यांत फरक आहे तो लक्षात ठेवावा. पैशांच्या अफरातफरीच्या पीएमएलए कायद्यात कलम ४५ मध्ये आजारी आणि अशक्त माणसासाठी सवलत लिहिलेली आहे. यूएपीएच्या ४३-डी मध्ये तशी ओळ नाही. तिथे आजारी माणसाला घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा आधार घ्यावा लागतो, आणि तो उच्च न्यायालयातच नीट चालतो.

शिक्षा झालेल्यासाठी तीन वाटा. राज्याच्या नियमाप्रमाणे पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा. कलम ४७३ खाली सरकारने दिलेली शिक्षेतली सूट. आणि कलम १६१ खाली राज्यपालांचा अधिकार, जो वापरून तेलंगणाने जुलै २०२४ मध्ये २१३ कैदी मुदतीआधी सोडले. जेल हा राज्याचा विषय, म्हणून महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक, प्रत्येकाचे पॅरोलचे नियम वेगळे. माणूस कुठला याला महत्त्व नाही, शिक्षा कुठल्या राज्यात झाली ते पाहतात.

जेल बदलून घराजवळ आणता येतं का? १९५० च्या कैदी स्थलांतर कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवता येतं, पण दोन्ही सरकारांची संमती लागते आणि तो मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी आहे. कच्च्या कैद्याला त्याचा उपयोग नाही.

हद्दीपलीकडच्या घरच्यांनी काय करावं

सगळ्यात आधी कागद. जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल कोर्ट मागवतंच, पण आजार आधीपासूनचा असेल तर जुन्या फायली, निम्स, उस्मानिया किंवा नांदेडच्या सरकारी दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी, हे सगळं अर्जाला जोडावं. 'आजारी आहे' एवढं पुरत नाही. जेलमध्ये हा उपचार होऊ शकत नाही, हे दाखवावं लागतं. तेलुगूत किंवा कन्नडमध्ये असलेल्या कागदाचं भाषांतर आधीच करून ठेवलं तर एक तारीख वाचते.

दुसरी अडचण जामीनदाराची. जामीन मंजूर होतो आणि मग स्थानिक जामीनदार आणा म्हणतात. हैदराबादच्या माणसाला नांदेडमध्ये ऐपतीचा दाखला असलेला माणूस कुठून मिळणार? याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच, मोतीराम प्रकरणात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून नाराजी नोंदवली आहे. दुसऱ्या जिल्ह्याचा जामीनदार चालणार नाही म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातही स्थानिक जामीनदाराची अट घालू नये असं सुचवलं आहे. त्याच आदेशाप्रमाणे जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. वकिलाने हे दोन्ही निकाल सोबत ठेवलेले बरे, कारण तालुका कोर्टात स्थानिक माणूस मागण्याची सवय अजून गेलेली नाही.

विधी सेवा प्राधिकरणाचा वकील कैद्याला फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये वृद्ध आणि असाध्य आजाराच्या कैद्यांसाठी खास मोहीमही सुरू केली. फोन १५१००, तो कोणत्याही राज्यातून लागतो. पण ज्या जिल्ह्यात खटला चालू आहे तिथल्या प्राधिकरणाचं नाव सांगावं, नाहीतर अर्ज आदिलाबादहून नांदेडला आणि नांदेडहून परत, असा फिरत राहतो.

शिक्षा झालेल्यांच्या घरच्यांनी एक हिशेबही मांडून ठेवावा. पॅरोलवर बाहेर काढलेले दिवस प्रत्यक्ष भोगलेल्या शिक्षेत धरले जात नाहीत. गोव्याच्या एका प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुदतीआधी सुटकेसाठी चौदा वर्षं मोजताना पॅरोलचा काळ वजा करावा, असं सांगितलं. कोरोनात कुणी दोन वर्षं घरी राहून आला असेल, तर त्याची सुटकेची तारीखही तेवढीच पुढे गेलेली असू शकते. जेलच्या कार्यालयातून ती लेखी मागून घ्यावी.